अशनीत अमिनो आम्लं सापडली, मग जीव सापडला असं का म्हणत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हा प्रश्न 2025 च्या जानेवारीपासून जास्तच येतो. बेन्नू या लघुग्रहावरून 2023 मध्ये आणलेल्या मातीत, आपली प्रथिनं ज्या 20 अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी 14 आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त क्षारक (न्यूक्लिओबेस) सापडल्याचं तेव्हा जाहीर झालं. ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनला 28 सप्टेंबर 1969 रोजी पडलेल्या दगडात तर अमिनो आम्लं 1970 मध्येच सापडली होती. मग अडलंय कुठे?

आधी शब्द नीट करू. आकाशात दिसते ती उल्का. जमिनीवर हाती येतो तो दगड म्हणजे अशनी. आपल्या कामाचा आहे तो कार्बनयुक्त, काळा, ठिसूळ अशनी.

अडलंय ते असं, की अमिनो आम्ल तयार व्हायला जीव लागत नाही. अमोनिया, हायड्रोजन सायनाइड, अल्डिहाइड किंवा कीटोन आणि पाणी एकत्र आलं की ती आपोआप बनतात. सूर्यमालेच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांत दगड-बर्फाच्या लहान लहान गोळ्यांच्या पोटात ॲल्युमिनियम-26 च्या किरणोत्सारी उष्णतेने बर्फ वितळत होता, आणि तिथे ही सगळी सामग्री होती. अशा रसायनाला आवडनिवड नसते. जे बनू शकतं ते सगळं बनतं, आणि कार्बनची साखळी लांबत जाते तसं प्रमाण घटत जातं. मर्चिसनमध्ये सत्तरहून जास्त अमिनो आम्लं मोजली गेली आहेत. त्यांतल्या आयसोव्हॅलिनसारख्या कित्येकांना आपल्या प्रथिनांत जागाच नाही. जीव मात्र मोजकीच निवडतो आणि तीच पुन्हा पुन्हा वापरतो. म्हणजे यादी जितकी लांब, तितका जीवाचा संशय कमी. बातमी ऐकताना हे नेमकं उलटं वाटतं.

दुसरी अडचण आपली स्वतःची. पृथ्वीवर जीव सगळीकडे आहे, त्यामुळे अशनीत जीवाचं काहीही सापडलं तर पहिला संशय पृथ्वीवरच घ्यावा लागतो. बोटाच्या ठशात सेरीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. पाण्यात मुरलेल्या जुन्या अशनीत ते फारसं टिकत नाही, म्हणून यादीत सेरीन ठळक दिसलं की कुणाचा तरी हात लागलाय असं धरून चालायचं. नायलॉनची पिशवीही धोक्याची: तिच्यातून 6-अमिनोहेक्झॅनोइक आम्ल झिरपतं, आणि ते यंत्रावर अगदी खरं अमिनो आम्ल म्हणून उमटतं, कारण ते तसं आहेच.

म्हणून प्रयोगशाळेत निम्मं काम स्वच्छतेचं असतं. काचेची भांडी, खलबत्ता, ॲल्युमिनियमची फॉइल, सगळं 500 अंशांच्या भट्टीत रात्रभर भाजतात. अशनीचा तुकडा कुटून पूड केली की ती शुद्ध पाण्याबरोबर काचेच्या नळीत घालतात, नळीचं तोंड ज्योतीवर बंद करतात आणि 100 अंशांवर 24 तास ठेवतात. निघालेल्या अर्काचा एक भाग तसाच ठेवतात. दुसऱ्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया करतात, म्हणजे बांधलेली अमिनो आम्लंही सुटी होतात. मग क्षार काढायला अर्क आयन बदलणाऱ्या राळेच्या स्तंभातून सोडतात आणि राळेला चिकटलेली अमिनो आम्लं अमोनियाच्या पाण्याने उतरवतात. शेवटी त्यांना एक चमकणारी खूण जोडतात. बहुतेक अमिनो आम्लांची, डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असणारी दोन रूपं असतात. ही खूण स्वतः अशा एकाच हाताची असल्यामुळे तिला जोडलेली डावी आणि उजवी रूपं यंत्राच्या स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. एक उणीव लक्षात ठेवावी: नेहमीची खूण प्राथमिक अमाइनलाच, म्हणजे नत्राला दोन हायड्रोजन असलेल्या गटालाच, चिकटते. प्रोलीन तसलं नसल्यामुळे ते या यादीत दिसतच नाही, म्हणून ‘प्रोलीन नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

या सगळ्याबरोबर एक कोरा नमुनाही चालवतात. 500 अंशांवर भाजलेली दगडाची पूड त्याच नळीत, त्याच पाण्यात, त्याच राळेतून. त्यात जे दिसेल ते आपलं. दगड जिथे पडला तिथली मातीही शक्य असेल तर तशीच तपासतात. एखाद्या शोधनिबंधात कोऱ्या नमुन्याचे आकडे नसतील तर माझ्या मते पुढे वाचायची गरज नाही.

आता रेणूंच्या या डाव्या-उजव्या हातांबद्दल. पृथ्वीवरच्या प्रथिनांत अमिनो आम्लं डावी असतात, तर निर्जीव रसायनातून डावी-उजवी निम्मी निम्मी येतात. ग्लायसिनला हातच नसतो, त्यामुळे ते इथे निरुपयोगी. मग डावं जास्त सापडलं तर झालं का? नाही. मर्चिसनच्या काही नमुन्यांत आयसोव्हॅलिन डावीकडे 18 टक्क्यांच्या आसपास झुकलेलं आहे. कॅनडात 2000 च्या जानेवारीत गोठलेल्या टॅगिश सरोवरावर पडलेल्या अशनीत ॲस्पार्टिक आम्ल तर त्याहून खूप जास्त झुकलेलं निघालं, पण त्याच तुकड्यांत ॲलॅनीन जवळजवळ समसमान. आपल्या जीवाणूंनी घाण केली असती तर ॲलॅनीनही डावं झालं असतं. शिवाय त्या ॲस्पार्टिक आम्लात कार्बन-13, म्हणजे कार्बनचं जड रूप, इतकं जास्त होतं की ते पृथ्वीवरचं असूच शकत नाही. उलगडा स्फटिकांत आहे. ॲस्पार्टिक आम्लाचे डावे आणि उजवे स्फटिक वेगळे वाढू शकतात, त्यामुळे सुरुवातीचा थोडासा कल पाण्यात वाढत जातो. ॲलॅनीनचे दोन्ही हात मात्र एकाच स्फटिकात बसतात, म्हणून तिथे कल वाढत नाही. जीवाची म्हणून मानलेली सर्वांत भरवशाची खूणही अशी जीवाशिवाय उमटते. या क्षेत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम हेच. बेन्नूच्या मातीत तर दोन्ही हात जवळपास सारखेच निघाले.

आकारांवर विसंबणं त्याहून घातक. अंटार्क्टिकात 1984 मध्ये सापडलेल्या एएलएच 84001 या मंगळावरच्या दगडात सूक्ष्म जीवाश्म असावेत, असा दावा 1996 मध्ये झाला. त्यातले बरेच आकार 20 ते 100 नॅनोमीटरचे होते, आणि स्वतंत्रपणे जगणाऱ्या पेशीला 200 नॅनोमीटरच्या आसपास तरी जागा लागते असा अंदाज आहे. पुढे कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनवरून त्यातला बराच सेंद्रिय कार्बन अंटार्क्टिकातलाच निघाला. फ्रान्समध्ये 1864 ला पडलेल्या ऑर्गेलच्या एका तुकड्यात तर कुणीतरी लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या बिया सरसाने चिकटवल्या होत्या, आणि हे उघड झालं शंभर वर्षांनी. अगदी अलीकडे, 2024 मध्ये, जपानने आणलेल्या र्‍युगू या लघुग्रहाच्या एका कणावर तंतू दिसले. ते वाढले, मग घटले, म्हणजे जिवंत होते. पण कण हवेत उघडल्यावर चढलेले इथलेच जीवाणू. हवाबंद डब्यातून आलेल्या कणाचं हे, मग शेतातून उचललेल्या दगडाचं काय होत असेल ते बघा.

लोणारबद्दलही याच ओघात विचारलं जातं. तिथल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातले सूक्ष्मजीव, 2020 मध्ये पाणी गुलाबी करणारे धरून, इथलेच आहेत. आघातातून आलं ते विवर, जीव नव्हे.

आणि तुमच्या शिवारात काळा दगड पडलाच तर? मर्चिसनच्याच जातीचा अशनी 6 जून 2017 च्या पहाटे जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याच्या शेतात पडला होता, त्यामुळे हे अशक्य नाही. हात लावू नका, धुऊ नका, फोडू नका. लोहचुंबक तर जवळही नेऊ नका, त्याने दगडातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. नव्या ॲल्युमिनियम फॉइलने उचला, तिच्यातच गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. पडल्याची वेळ, मधे पाऊस झाला का, कुणी कुणी हाताळला, हे लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. बाजूची मूठभर मातीही वेगळ्या फॉइलमध्ये बांधून द्या. ती मागितली जाईलच.