साखरेची गोळी कुठल्या देशात जाणार, हे पाक चढवण्याआधी ठरवा

सातारा-सांगली पट्ट्यात साखर कारखाने पायलीला पन्नास. त्यामुळे ‘गोळ्यांचं युनिट टाकू आणि माल दुबईला पाठवू’ हा बेत दर हंगामात कुणीतरी आखतोच. बेत वाईट नाही. १ जून २०२२ पासून साखर परवानगीशिवाय बाहेर पाठवता येत नाही, पण तिचीच गोळी, जेली किंवा चिकी झाली की मालाचा कस्टम्स कोड १७०१ चा १७०४ होतो आणि ती साखरेवरच्या निर्बंधातून सुटते. उकळलेल्या गोळीला १७०४९०२०, जेलीला १७०४९०१०, टॉफी-कॅरॅमलला १७०४९०३०, उरलेल्याला १७०४९०९०. चवीपुरता कोको घातला तरी माल १८०६ मध्ये जातो. आणि साताऱ्याचा कंदी पेढा यात धरू नका. तो दुधाचा पदार्थ, त्याची तपासणी आणि प्रमाणपत्रं वेगळी, त्याची फाइलच निराळी.

कागदांना लोक उगाच घाबरतात. आयईसी (आयात-निर्यात कोड), अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा म्हणजे एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना (राज्याच्या परवान्यावर कारखाना चालेल, निर्यात नाही), शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था अपेडा हिची आरसीएमसी (नोंदणी-सदस्यत्वाचं प्रमाणपत्र), परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेच्या एडी कोडची बंदरावर नोंद, आणि आयजीएसटी न भरता माल काढायला एलयूटी (हमीपत्र). चुका होतात त्या नूतनीकरणात. एलयूटी ३१ मार्चला संपतं, आयईसी दर वर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावं लागतं. विसरलात की आयईसी बंद पडतं आणि ते कळतं न्हावा शेवा बंदरावर गाडी उभी राहिल्यावर. यूएईशी १ मे २०२२ पासून व्यापार करार लागू आहे, पण आयात शुल्कातली सवलत मिळते ती माल भारतातला असल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) सोबत असेल तरच.

खरा घोळ कृतीतच असतो. रंगापासून बघा. आपल्याकडे लाल गोळीत सर्रास पॉन्सो ४आर नाहीतर कार्मोझिन असतं आणि १०० पीपीएमच्या (दहा लाखात १०० भाग) आत ते कायदेशीर आहे. अमेरिकेत हे दोन्ही चालत नाहीत. तिकडे एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामकाने, बॅचवार प्रमाणित केलेलेच कृत्रिम रंग लागतात, म्हणजे नाव बरोबर असून भागत नाही, त्या लॉटचं प्रमाणपत्र हवं. मग एरिथ्रोसिन हा दुसरा लाल रंग वापरू म्हणाल, तर त्याचीही परवानगी जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली आहे आणि खाद्यपदार्थांना १५ जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत आहे. युरोपात पॉन्सो, कार्मोझिन, टारट्राझिन, सनसेट यलो चालतात, पण मुलांच्या एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो ही सूचना पाकिटावर छापावी लागते, आणि ती छापलेला माल दुकानदार घ्यायला नाखूश असतो. फास्ट ग्रीन हा हिरवा रंग तिकडे चालतच नाही. पांढरेपणासाठीचं टायटॅनियम डायऑक्साइड २०२२ पासून बंद आहे. बीट, पॅप्रिका, स्पिरुलिना यांचे नैसर्गिक रंग महाग पडतात, तरी युरोपसाठी तोच हिशेब धरा.

दुसरी गोष्ट आपल्या भागाचीच आहे: गंधक. इथली बहुतेक साखर डबल सल्फिटेशनची, म्हणजे रस आणि पाक दोन्ही गंधकाच्या धुराने उजळलेली, लिक्विड ग्लुकोजमध्येही सल्फाइट असतं, आणि गुऱ्हाळावर गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस (गंधकयुक्त रंग उडवणारी पावडर) मारलेला असतो. तयार मालात सल्फाइट अमेरिकेसाठी किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त, युरोपसाठी १० हून जास्त निघालं, तर ते लेबलवर लिहावं लागतं. उकळताना थोडं उडून जातं, म्हणून चाचणी साखरेची नव्हे, गोळीची करा. निर्यातीला रिफाइंड साखर घ्या. चिकीला काळपट गूळ घ्या. व्यापारी नाक मुरडेल, मुरडू दे.

चिकीत शेंगदाणा आला की अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आलंच. अमेरिकेची मर्यादा २० पीपीबी (अब्जात २० भाग), युरोपची थेट खायच्या शेंगदाण्याला एकूण ४ आणि त्यातलं बी-१ फक्त २. खवट, सुरकुतलेले, काळे दाणे भाजण्याआधी हाताने निवडले तर आकडा सर्वात जास्त खाली येतो. भाजल्यावर ते ओळखू येत नाहीत. तिळाला इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूची तपासणी लागते, म्हणून ‘स्टरलाइज केलेला’ तीळ म्हटलं की कशाने केला ते विचारा, वाफेने की वायूने. अमेरिकेत तीळ १ जानेवारी २०२३ पासून लेबलवर लिहावाच लागणारा नववा ॲलर्जेन (ॲलर्जी देणारा घटक) आहे. एकाच कढईत तिळाची आणि शेंगदाण्याची चिकी होत असेल, तर तीळ आणि शेंगदाणा दोन्हींचा उल्लेख दोन्ही पाकिटांवर आला पाहिजे.

हळदीची नाहीतर चिंचेची गोळी करणाऱ्यांनी शिसं तपासावं. लहान मुलं वारंवार खातात त्या गोळीला एफडीएची शिफारस ०.१ पीपीएमची आहे. शिसं नुसत्या हळदीतून येतं असं नाही, रॅपरच्या शाईतूनही येतं.

आता पाक. साखर-ग्लुकोज ६०:४० ते ५५:४५, तापमान १४५ ते १५० अंश, शेवटी ओलावा ३ टक्क्यांच्या आत. ग्लुकोज कमी पडलं की गोळी दाणेदार होते, जास्त झालं की ती हवेतलं पाणी ओढते. सायट्रिक ॲसिड पाक उतरून थोडा निवल्यावरच घाला. उकळत्या पाकात घातलंत तर साखर इन्व्हर्ट होते, म्हणजे फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, आणि आठवड्याभरात रॅपर गोळीला चिकटतं. इथे कोरड्या हवेत हे लक्षात येत नाही. कंटेनर समुद्रात दिवसा तापतो, रात्री छताखाली घाम धरतो आणि ते पाणी वरच्या थरातल्या खोक्यांवर टपकतं. डेसिकंटच्या (ओलावा शोषणाऱ्या) पट्ट्या भिंतींना टांगा, वरच्या थरावर क्राफ्ट पेपर घाला. पॅलेट लाकडी असेल तर त्यावर उष्णता-उपचाराचा शिक्का हवा. पावसाळ्यात भरताना पॅलेटचा ओलावाही मोजा, कारण लाकूड ओलं असेल तर डेसिकंट त्यातच खर्ची पडतं.