कोबीची पचडी, हिवाळी नोंद: कुरकुरीतपणा आणि पाणी

या मोसमाचं प्रमाण आता पक्कं झालंय. कोबी ५०० ग्रॅम, एक मध्यम गाजर, एक वाटी डाळिंबाचे दाणे, एक घट्ट पेरू, काजू ५० ग्रॅम, शेंगदाणे अर्धी वाटी. पाच-सहा जणांना पुरतं. कोबीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते पानात राहिलं तर पचडी कुरकुरीत, भांड्यात उतरलं तर मऊ.

गड्डा घेताना आकार बघू नका, वजन बघा. हातात घट्ट आणि जड लागला पाहिजे. पोकळ गड्डा भाजीत खपतो, कच्चा खाताना चिवट लागतो. तडकलेला तर नकोच, शिरा जाड असतात.

चिरणं विळीवर किंवा धारदार सुरीने, दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. मधला जाड देठ काढून टाका. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर वापरला की वास उग्र होतो. कोबी मोहरीच्या कुळातला. पेशी चेंगरल्या की आतली द्रव्यं एकत्र येऊन तोच झणका तयार होतो. बोथट सुरीनेही कमीअधिक तेच होतं.

चिरल्यावर बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं. पेशी पाणी ओढून ताठ होतात. नंतर निथळून सुती पंचावर पसरा आणि खरोखर कोरडा करा. इथे घाई केली की लिंबूरस पानाला धरत नाही, तळाशी फिकं पाणी साचतं.

मिठाबाबत दोन रस्ते आहेत. डब्यासाठी पचडी हवी असेल तर बर्फाचं पाणी सोडून द्या. चिरलेल्या कोबीला ५ ग्रॅम मीठ (चहाचा एक सपाट चमचा) चोळा, २० मिनिटांनी घट्ट पिळा. पान लवचिक होतं, कचकच थोडी उरते, पण पुढे पाणी कमी सुटतं. नंतर वेगळं मीठ घालू नका. लगेच ताटात वाढायची असेल तर मीठ अगदी शेवटी. एकाच कोबीवर दोन्ही करणं म्हणजे आधी पाणी भरायचं आणि मग उपसायचं. ताटासाठी दुसराच रस्ता बरा.

फळांत डाळिंब सर्वांत भरवशाचं, दाणा फुटेपर्यंत पाणी देत नाही. पेरू जवारी (गावरान), हिरवट-घट्ट घ्या आणि बियांचा गर काढून टाका. अथणी-विजयपूरकडची द्राक्षं जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात आली की तीही चालतात, पण अख्खीच. सफरचंद घेतलं तर चिरल्या चिरल्या लिंबूरस लावा, नाहीतर काळं पडतं. पपई आणि केळं या कामाचे नाहीत.

शेंगदाणे मंद आचेवर १०-१२ मिनिटं. गरम दाणा मऊच लागतो, म्हणून थोडा गार करून चाखा. गरम असताना चाखून भाजत राहिलं की करपतात. काजू खानापूर-चंदगड पट्ट्यातला सहज मिळतो. पाकळी घ्या, अख्ख्याचे जास्त पैसे कशाला. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, रंग बदलायला लागला की लगेच ताटलीत काढा, तापल्या तव्यावर तो पुढे भाजतच राहतो. बारीक कूट घालू नका, ओल शोषून त्याचा लगदा होतो. निम्मे दाणे अख्खे, निम्मे जाडसर भरडलेले.

लिंबूरस दोन मोठे चमचे, त्यात चहाचा एक चमचा किसलेला गूळ पूर्ण विरघळवून. शेंगतेल एक मोठा चमचा, फोडणीला मोहरी, हिंग, एक हिरवी मिरची. फोडणी गार करूनच ओता, गरम तेलाने कोबी जागेवर मान टाकतो. क्रम असा: कोबी, गाजर, फळं, मग फोडणी, मग लिंबू-गूळ आणि मीठ, काजू-दाणे वाढताना.

जांभळा कोबी बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात निळसर पडू शकतो. लिंबू लागलं की गुलाबी होतो, काळजीचं कारण नाही. डाळिंबाचा रंग मात्र त्यात हरवतो, म्हणून दोन्ही एकत्र नकोत.

आता तपासायचं ते भाजलेल्या कारळ्याच्या जाडसर पुडीचं प्रमाण. चहाच्या एका चमच्याने खमंगपणा येतो, दोन झाले की पचडी काळपट दिसते आणि काजूची चव दबते. कोसंबरीसारखी (कर्नाटकातली डाळीची कोशिंबीर) भिजवलेली मूगडाळ घालून बघायची असेल तर दोन तास भिजवून पूर्ण निथळा, आणि तेवढे शेंगदाणे कमी करा.