आधी पाय, मग हात

स्मरणिकेत आठवणी सगळेच लिहितील. माझ्या वाट्याची जागा मी शाळेच्या आजच्या बास्केटबॉल संघाला देतो. ग्राउंडवर आल्या आल्या मुलं रिंगकडे धावतात. पण शूटिंगचा हात एखाद्या दिवशी लागतच नाही. घोटून तयार केलेले पाय मात्र रोज साथ देतात, आणि समोरच्याला लागोपाठ दोनदा अडवलं की स्वतःचा शॉटही बिनधास्त सुटतो.

सुरुवात झिगझॅगने करा. जोड्या पाडा. एकाने बेसलाइनपासून (रिंगमागच्या रेषेपासून) मध्यरेषेपर्यंत नागमोडी ड्रिबल करत, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत जायचं, दुसऱ्याने हात पाठीमागे धरून नुसत्या पायांनी अडवायचं. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. कमरेतून वाकलात की तोल पुढे जातो आणि ड्रिबलर बाजूने निसटतो. सरकताना मागच्या पायाने जमीन रेटायची. पायांची कैची झाली की चांगला ड्रिबलर नेमका तेव्हाच दिशा बदलतो. नजर त्याच्या कमरेवर हवी, कारण बॉलने आणि डोळ्यांनी हूल देता येते, पण कमर वळवल्याशिवाय कुणालाच वळता येत नाही. तीन फेऱ्या निम्म्या वेगाने, तीन पूर्ण वेगाने, त्यानंतरच हात मोकळे.

हात बांधायचे ते फाऊल टाळण्यासाठी. पाय उशिरा पोचले की हात आपोआप पुढे जातो. पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर, आणि क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक डिफेन्स फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे शॉट.

क्लोज-आउटमध्ये, म्हणजे लांब उभ्या शूटरला अडवायला धावताना, बहुतेक मुलं चुकतात. शूटरकडे सुसाट जातात आणि तो एका ड्रिबलमध्ये मागे टाकतो. दोन तृतीयांश अंतर पळा, उरलेलं बारीक पावलांनी, बूड खाली, एक हात वर. हातभर अंतरावर थांबा. शॉट सुटल्यावर बॉलकडे बघत उभं राहू नका. आधी आपला माणूस शोधा, त्याला पाठीवर घ्या, मग रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला बॉल.

सिमेंटच्या कोर्टवर बारीक माती असते. बुटांचे तळवे ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर सगळी स्लाइड घसरण्यात जाते.

फ्री थ्रो ताज्या दमाने मारू नका. झिगझॅगची फेरी संपली, धाप लागली, की लगेच दोन. मॅचमध्येही बहुधा दोनच मिळतात. अशा दहा फेऱ्या, आणि वीसपैकी किती पडले ते तारखेसह वहीत.