आमची वाटचाल: लाल झाकणाची एक बरणी

सिंगापूरमध्ये नाताळची रोषणाई उतरते न उतरते तोच दुकानादुकानांतून लाल झाकणाच्या पारदर्शक बरण्यांच्या उतरंडी लागतात. अननसाचे टार्ट, नळीसारखी गुंडाळलेली ‘लव्ह लेटर्स’, तोंडात टाकताच विरघळणारी नारळाच्या दुधातील ‘कुएह बांकिट’ आणि बदामाच्या गोल कुकीज असा हा चिनी नववर्षाचा फराळ असतो. दिवाळीत आपल्याकडे आल्यागेल्यासमोर जसे ताट येते, तशा या बरण्या पंधरा दिवस पाहुण्यांसमोर उघडल्या जातात. आमचा व्यवसाय यांपैकी मुख्यतः एका बरणीचा, बदामाच्या कुकीजचा, आहे. मराठी कुटुंबाने परदेशी बेकरी काढावी आणि तीही दुसऱ्यांच्या सणाच्या जिनसेची, याचे पुष्कळांना नवल वाटते. म्हणून ती कशी उभी राहिली ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी मूळची सांगलीची. लहानपणी दिवाळीआधी मैदा, साखर आणि तुपाचा डबा घेऊन आम्ही बेकरीच्या भट्टीवर जात असू आणि आपला नंबर लागेपर्यंत तिथेच बसून नानकटाई भाजून आणत असू. २०१७ च्या दिवाळीत, एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतीत आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध कँटोनीज शेजारणीला मी अशीच डबाभर नानकटाई दिली. मजल्यावरची सगळी मुले त्यांना आंटी म्हणत, तशी मीही म्हणत असे. आंटींनी एक नानकटाई मोडून पाहिली, खाल्ली आणि आपल्याकडे ‘हप तो सो’ नावाची भुरभुरीत चिनी कुकी असते तिची ही बहीण दिसते, असे सांगितले. पुढच्या जानेवारीत त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळे त्यांनी मला बदामाच्या कुकीज करताना मदतीला बोलावले. २०१८ चे चिनी नववर्ष १६ फेब्रुवारीला होते. त्याआधीच्या दोन आठवड्यांत मी जे शिकले, त्यावर आमचा धंदा आजही चालतो.

या कुकीत तूप नसते आणि लोणीही नसते. आंटींच्या आईच्या काळी डुकराची चरबी घालत. आंटी शेंगदाणा तेल वापरत. दोन वाट्या मैद्याला सुमारे एक वाटी बदामाची पूड, तितकीच पिठीसाखर, चिमूटभर मीठ, थोडा खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर, एवढेच साहित्य. पाण्याचा थेंबही नाही, त्यामुळे सगळा खेळ तेलाचा असतो. तेल एकदम ओतले तर गोळा ओघळतो आणि कुकी भाजताना पसरून पापडासारखी होते. कमी पडले तर वळतानाच भुगा होतो. आंटी तेल थोडे थोडे घालून पीठ बोटांनी चोळत आणि मूठ दाबून पाहत. मला हसू आले, कारण चकलीच्या किंवा शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन पुरेसे झाले की नाही हे आई असेच, मुटका वळतो का ते पाहून, ठरवत असे. बदामाच्या पुडीतूनही तेल सुटत असल्यामुळे माप दर वेळी थोडे बदलते, आणि म्हणून आमच्याकडे आजही अखेरचा पाव भाग तेल यंत्राने न घालता हाताच्या अंदाजानेच घातला जातो. मग सुमारे दहा ग्रॅमचे गोळे, वरून अंड्याच्या पिवळ्या बलकाचा हात, मध्यभागी अर्धा बदाम, आणि १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे. गोल आकार आणि सोनेरी रंग यांमुळे ती नाण्यासारखी दिसते, आणि नववर्षात घरात नाणी यावीत ही कल्पना कोणालाही समजावून सांगावी लागत नाही.

येथे एक गोंधळ सांगितला पाहिजे, कारण ग्राहकही तो करतात. मकावची प्रसिद्ध बदाम कुकी वेगळी. ती मुख्यतः मुगाच्या पिठाची असते आणि लाकडी साच्यात ठोकून पाडतात. शिवाय चिनी भाषेत बदामाला जो शब्द वापरतात तोच जर्दाळूच्या बियांतील गरालाही वापरतात. बाजारातील ‘बदाम अर्काचा’ तीव्र वास बहुधा त्या गराच्या जातकुळीतला असतो. आपण खातो त्या गोड बदामाला तसा वास नसतो. तुमच्या कुकीला बदामाचा वास का येत नाही, असे विचारणारे ग्राहक दर वर्षी भेटतात. आम्ही अर्क घालत नाही, आणि त्यापायी काही ग्राहक गमावतो.

पहिली विक्री २०१९ साली, घरातूनच, चाळीस बरण्यांची. त्यात मी शहाणपणा केला. आपलेही काही असावे म्हणून निम्म्या बरण्यांत थोडे तूप आणि वेलची घातली. लोकांनी त्या आवडीने खाल्ल्या, पण पुन्हा कोणी मागितल्या नाहीत. आंटींनी कारण सांगितले: चव चांगली आहे, पण नववर्षाला माणूस नवी चव शोधत नाही, आजीच्या घरची शोधतो. बिनवेलचीची नानकटाई दिवाळीत कोणी माझ्यासमोर ठेवली असती तर मीही तसेच म्हटले असते. त्या दिवसापासून या बरणीत आम्ही आपले म्हणून काहीही घातलेले नाही.

दुसरी चूक किमतीची होती. मी बरणीला १४ डॉलर लावले होते. चार या अंकाचा उच्चार चिनी भाषेत मृत्यू या शब्दाशी जुळतो, आणि सणाच्या भेटीवर तो अंक कोणालाच नको असतो. आठ मात्र भरभराटीचा. किंमत १३ डॉलर ८० सेंट केली. बरणीमागे वीस सेंट गेले, पण पुढे भाव वाढवताना प्रत्येक पायरी आठाचीच राहिली.

२०२० च्या एप्रिलमध्ये साथीच्या निर्बंधांत घरगुती खाद्यव्यवसाय बंद करावे लागले, ते १२ मेपासून पुन्हा सुरू झाले. आमचा हंगाम तोवर संपलेला असल्याने नुकसान थोडे झाले. खरे वळण पुढच्या वर्षी आले. २०२१ च्या नववर्षाला एका घरी दिवसाला आठच पाहुणे येऊ शकतील असा सरकारी नियम होता. ज्यांना भेटता येईना, त्यांना लोक बरण्या पाठवू लागले. आमच्या स्वयंपाकघरातील ओव्हन पहाटे चारला पेटे आणि रात्री अकराला विझे, यजमान ऑफिसचे काम उरकून बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवत, आणि तरीही शेवटच्या आठवड्यातील मागण्या नाकाराव्या लागल्या. घरगुती व्यवसायाच्या नियमानुसार त्या घरात राहणाऱ्यांखेरीज कोणाला कामाला ठेवता येत नाही, त्यामुळे मैत्रिणींची मदतही घेता येत नव्हती.

म्हणून २०२२ मध्ये कंपनी नोंदवून आम्ही बेटाच्या उत्तर भागात परवाना असलेले छोटे स्वयंपाकघर भाड्याने घेतले. नवा पंख्याचा ओव्हन घरच्या ओव्हनपेक्षा चांगला असेल असे गृहीत धरणे महागात पडले. गरम हवेच्या झोताने कुकीचा वरचा थर फुलण्याआधीच वाळे आणि पृष्ठभागावर ज्या बारीक भेगा हव्यात त्या पडतच नसत. तापमान पंधरा अंशांनी उतरवून, ट्रे मध्येच फिरवून हे सुधारायला तीन आठवडे लागले. त्याहून मोठा फटका हवेने दिला. सिंगापूरची हवा बारमाही दमट. घाईत कोमट कुकीज भरून झाकणे लावली आणि दुसऱ्या दिवशी साठ बरण्यांतील माल मऊ पडलेला निघाला. तो सगळा टाकला. आता कुकी पूर्ण गार झाल्याखेरीज, आणि ती खोली कोरडी केल्याखेरीज, बरणीला कोणी हात लावत नाही.

त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धानंतर पीठ आणि तेल दोन्ही महागले. २०२३ आणि २०२४ च्या जानेवारीत जीएसटी सातावरून आधी आठ आणि मग नऊ टक्के झाला. बदामाची पूड कमी करून मैदा वाढवावा असा सल्ला हिशेब पाहणाऱ्यांनी दिला. आम्ही एक घाणा तसा काढून पाहिला. दिसायला फरक नव्हता, पण मोडताना ती बिस्किटासारखी तुटे, भुरभुरत नसे. बरणीचा भाव वाढवला, पाककृती तशीच ठेवली. एका पुरवठादाराने जुनी, खवट पूड नवी म्हणून दिली, तेव्हापासून आम्ही साल काढलेले अख्खे बदाम आणून स्वतःच दळतो. वेळ जातो, पण वास ताजा राहतो.

चरबी आम्ही कधीच वापरली नाही. ‘नो पोर्क, नो लार्ड’ एवढेच बरणीवर छापतो. हलाल प्रमाणपत्र आमच्याकडे अजून नसल्यामुळे तो शब्द वापरत नाही. शेंगदाणा आणि बदाम असल्याची सूचना मात्र मोठ्या अक्षरांत असते.

आता हंगामात आम्ही सहा जण असतो. आंटी ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, ट्रे उचलत नाहीत. पण पहिल्या घाण्यातील एक कुकी मोडून दाखवल्याशिवाय आम्ही दुसरा घाणा लावत नाही. यंदाचे नववर्ष १७ फेब्रुवारी २०२६ ला, चिनी राशिचक्रानुसार घोड्याचे, आणि त्याच्या पाठोपाठच रमजान सुरू होतो. त्यामुळे मलय शेजाऱ्यांनी ईदेसाठी आताच ‘सुगी’ कुकीची विचारणा केली आहे. ती रव्याच्या नावाची, पण बहुधा मैदा आणि तुपाचीच असते, आणि आमच्या सांगलीच्या नानकटाईपासून फारशी दूर नाही. इथल्या भारतीय वस्तीतील सेरंगून रोडवरून तुपाचे चार डबे आणून ठेवले आहेत. ते शेंगदाणा तेलापासून दूर, वेगळ्या फळीवर आहेत.