तुम्ही विचारलंत म्हणून: चांगल्या बाटलीला भोक का पाडते

"काही टाकू नका, सगळं पुन्हा वापरा, असं तुम्हीच सांगायचात. आणि आता प्रत्येक रिकाम्या बाटलीला दाभणाने भोक पाडता?" हे मला इतक्यांदा, आणि बहुतेक वेळा हसत हसत, विचारलं गेलंय की माझं एक ठरीव उत्तर झालं होतं: हवा निघते, बाटली चपटी होते, जागा कमी लागते. खोटं नाही ते. पण हवा झाकण उघडूनही निघते, हे आजवर एकानेही मला ऐकवलेलं नाही.

मी ढोंगी निघाले असं वाटणाऱ्यांसाठी आधी एवढंच. अ‍ॅल्युमिनियमचे कॅन मी आजही विसळून वेगळे देते. ते वितळवून पुन्हा धातू करायला खनिजापासून नवा करण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. प्लास्टिकबद्दल मात्र मी तेव्हा जरा जास्तच बोलले. बाटलीच्या बुडाचा त्रिकोण दाखवून 'याचं पुन्हा होतं' म्हणायचे. त्यातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, पुढची हमी देत नाही. २०१५पर्यंत जगात झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली होती. हे कळल्यावर मी आणखीच हट्टाला पेटले. मग कारखान्याची वाट कशाला बघायची? बाटली आहे तशीच वापरू. वितळवणं नको, वाहतूक नको. या हिशेबात मला आजही चूक काढता येत नाही, आणि तोच तर त्रास आहे.

बेसिन तुंबलं होतं. कॉस्टिक सोड्याचं द्रावण केलं, त्यातलं अर्धं उरलं. उरलेलं फेकायचं नाही हा माझाच नियम. पाण्याची एक रिकामी बाटली होती, लेबल सोलून, चिकटा घासून लख्ख केलेली. अशा बाटल्यांचा मला फार अभिमान. तिच्यात भरलं, स्केचपेनने 'विष' लिहिलं आणि ओट्याखाली ठेवली. नंतर ओल्या हातांनी दोन-तीनदा उचलली असणार. अक्षरं गेली. त्या दिवशी पुन्हा काढली, मध्येच फोन आला, आणि बाटली ओट्यावरच राहिली.

बाबा रात्री पाणी प्यायला उठले. आमची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नाही.

एकच घोट. बाटली पडल्याचा आवाज आला, त्यांचा नाही; त्यांना ओरडताच येत नव्हतं. मी धावले ती मिठाचं पाणी करायला, उलटी व्हावी म्हणून. पेला त्यांच्या ओठांपर्यंत नेला होता. भाऊ डॉक्टरांशी फोनवर बोलत होता, तो तिथूनच किंचाळला, "उलटी नको!" जे जाताना भाजत गेलं, ते वर येताना पुन्हा भाजत येतं. मला माहीत नव्हतं. त्रिकोणातले सगळे आकडे पाठ होते, हे माहीत नव्हतं.

जखमा भरल्या, पण भरताना अन्ननलिका आवळत गेली. मग दर काही आठवड्यांनी ती दुर्बिणीतून रुंद करायची. दोन वर्षं. पहिल्यांदा नीट बोलता आलं तेव्हा बाबा म्हणाले, "ती बाटली टाकली नाहीस ना? चांगली होती." ते थट्टा करत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही.

त्या दोन वर्षांत वाचलं की पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात बाटल्यांचे तुकडे गरम कॉस्टिकच्याच पाण्यात धुतात, चिकटा सुटावा म्हणून. तिथे चुकून कुणी घोट घेत नाही, कारण प्यावंसं वाटेल असं काही उरलेलंच नसतं. घरी धुतलेली बाटली मात्र बाटलीच राहते. आत काहीही भरा, तिचा आकार 'पी' असंच म्हणतो.

म्हणून भोक.

यावर जुनी मी लगेच भांडायला येते. म्हणते, दोष बाटलीचा नाही, तुझा आहे. रसायन त्याच्या मूळ डब्याबाहेर काढायचं नाही, एवढा नियम पुरे होता. त्यासाठी शेकडो धडधाकट बाटल्या कशाला मारतेस? मी म्हणते, माझ्या हातून गेल्यावर तिच्यात कोण काय भरेल, कुणी सांगावं! ती म्हणते, एखादा पाणीच भरेल, त्याचं काय? इथे माझं बोलणं खुंटतं.

आणि हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा बाबांनीच विचारलाय. त्यांना मी अजूनही 'जागा कमी लागते' एवढंच सांगते. परवा पाहिलं तर त्यांनी माझी एक भोक पाडलेली बाटली उचलून, पाणी भरून, कुंडीत उलटी खोचली होती. थेंब थेंब पाणी झाडाला जात होतं. मी ती उपटली, तोंड नाकाशी नेलं आणि वास घेतला. कॉस्टिकच्या पाण्याला वास नसतो, हे मला माहीत आहे.