"ताई, तारीख टाका, मग शोधू" : खापरपणजोबांची नोंद काढतानाचा माझा अनुभव

जुन्या मृत्यूनोंदीच्या नकलेच्या अर्जात एक रकाना असतो, "मृत्यूचा दिनांक". त्या एका रकान्यापायी माझे सात महिने गेले. मला तोच दिनांक हवा होता, अर्ज त्यासाठीच होता, आणि तहसील कचेरीच्या खिडकीवरचे कारकून दर वेळी एकच म्हणायचे, "ताई, तारीख टाका, मग शोधू." आज लिहितानासुद्धा डोकं तापतंय.

कोणासाठी चाललं होतं ते आधी सांगते. माझे खापरपणजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात होते, घरात त्यांना "दवाखान्यातले आबा" म्हणतात. आमच्याकडे सांगायचे की मुंबईच्या ग्रँट मेडिकलचे मोठे डॉक्टर होते, आणि चुलत घरातले म्हणायचे, छे, देवी काढत, म्हणजे देवीची लस टोचत, गावोगाव फिरायचे. लग्नाकार्यात हा वाद ठरलेला. मला खरं काय ते हवं होतं.

पहिला भाग घरबसल्या झाला. मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकं, नेटवर आहेत, त्यात एल. एम. अँड एस. ही तेव्हाची डॉक्टरकी झालेल्यांच्या वर्षवार याद्या आहेत. आबा कुठेच नाहीत. मी खट्टू झाले, पण मग समजलं की हॉस्पिटल असिस्टंट ही वेगळीच जागा. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, तिथे पदवीवाले इंग्रजीतून शिकायचे पण मराठी-गुजरातीतून शिकवायचे वर्गही होते, पुण्यात १८७८ ला बी. जे. मेडिकल स्कूल निघालं, आणि तालुक्याचे दवाखाने प्रत्यक्षात चालवायची ती अशी शिकून असिस्टंट झालेली माणसं. सिव्हिल सर्जन जिल्ह्याच्या गावी, तालुक्यात रोजचा ताप-खोकला, मोडलेली हाडं, विंचू चावलेला सगळं असिस्टंटकडे. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ब्रिटिश काळातले दवाखान्यांचे आणि लसीकरणाचे वार्षिक अहवाल स्कॅन करून ठेवलेत, फुकट बघता येतात, त्यातच आबा सापडले, दुसऱ्या वर्गाचे हॉस्पिटल असिस्टंट. म्हणजे दोन्ही घरं चुकली होती. मी रात्री एक वाजता नवऱ्याला उठवून दाखवलं. शोधताना नावांची जुनी इंग्रजी स्पेलिंगं वापरून बघा, आत्ताच्या स्पेलिंगने मला काहीच मिळालं नव्हतं.

आता ती कचेरी. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात, म्हणजे गाव नमुना १४, आणि ती बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात. कोर्ट फी स्टँप लावून अर्ज दिला, दिनांकाच्या जागी "अंदाजे १८९० ते १९०५" लिहिलं. परत आला. दुसऱ्या वेळी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं, परत आला, कारण दिनांक नाही. मी म्हटलं मी स्वतः बसून एकेक पान बघते, रजा काढून येते, तर म्हणाले बाहेरच्यांना बस्ता, म्हणजे दप्तराचं गाठोडं, देता येत नाही. तिसऱ्या वेळी साहेब मीटिंगला. चौथ्या वेळी कारकून बदललेले, नव्यांनी अर्ज वाचला आणि बोट नेमकं त्याच रकान्यावर. एकीकडे कुणबी नोंदींसाठी तिथे गर्दी, मोडी वाचणारे एकदोघे आणि त्यांच्यामागे शंभर माणसं, त्यांची ओढाताण मला दिसत होती, लोकांच्या मुलांचे दाखले अडलेत त्यापुढे माझं काम घाईचं नाही हेही मान्य. पण पंधरा वर्षांची बुकं शोधायला माणूस नाही असं एकदा स्पष्ट सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी दुसरी वाट धरली असती. दर खेपेला येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर.

दुसरी वाट आत्याने दाखवली. म्हणाली, "अगं, नाशिकला उपाध्यांकडे जा, आपल्या घरातलं कोणी ना कोणी तिथे गेलेलंच असणार." तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान स्वतःच्या हाताने लेख लिहून ठेवतात, कोण आले, कशासाठी आले, बाप, आजा, भाऊ, मुलं. पण तिथेही मी आधी नोकरीचं गाव सांगितलं आणि काही निघेना. गुरुजी म्हणाले, मूळ गाव कोणतं? कोकणातलं मूळ गाव सांगितलं आणि वीस मिनिटांत वही समोर. त्यामुळे जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मूळ गाव, गोत्र, कुलदैवत विचारून जा.

एका पानावर आबा स्वतः, आईचे दिवस करायला आलेले, खाली सही, काळी शाई विटकरी झालेली, आणि गावाच्या नावापुढे "दवाखाना" असा शब्द. अक्षर बारीक आणि सरळ. मी त्या शब्दावर बोट ठेवून बसून राहिले, गुरुजी काही बोलले नाहीत. चार पानं पुढे त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा लेख, वडील शके १८१९ माघ वद्य पक्षात वारले. इथे एक सांभाळा, शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं पण जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आधीपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. म्हणजे फेब्रुवारी १८९८. ७८ धरले असते तर मी एक वर्ष आधीचं, चुकीचं बुक मागत बसले असते.

तारीख टाकली. मग कचेरीत अडलं ते मोडीवर, पण ते मला जमणार होतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, तसाच एक वर्ग मी मधल्या महिन्यांत केला होता. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगलेली, शब्द तोडलेले नाहीत, पहिले पंधरा दिवस रडू येतं, मग डोळा बसतो. नक्कल मात्र त्यांच्याच मोडीवाल्यांच्या लिप्यंतरावर मिळाली, आपलं वाचन चालत नाही.

आणि हे राहिलंच, नक्कल फक्त एका ओळीची मिळते, त्यामुळे बुक उघडलेलं असेल तेव्हा वरच्या-खालच्या ओळी वाचून घ्या. आबांच्या ओळीत कारणाच्या जागी एवढंच, "ताप". प्लेग १८९६ ला मुंबईत आला आणि तिथून घाटावर पसरला, गावंच्या गावं उठून रानात झोपड्या घालून राहत होती. त्या पानावर आबांच्या वर सहा जण आणि खाली चार, सगळे दहा दिवसांतले, आणि प्रत्येकाच्या पुढे ताप.