वाढदिवसाच्या पार्ट्यांपासून आजोबांच्या बोलिंगपर्यंत : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा वेगळाच होता, वाढदिवसाच्या पार्ट्यांना गेमिंग कन्सोल आणि प्रोजेक्टर भाड्याने द्यायचा. एरिया म्हणजे कोथरूड, कर्वेनगर, फार तर वारजे, आणि माणसं दोनच, मी आणि माझा मेव्हणा. 2020 ला लॉकडाऊन लागला, पार्ट्या बंद, सगळं सामान माळ्यावर. ते खाली उतरलं ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडममुळे. त्या म्हणाल्या, अरे तुझ्याकडे ते जुनं वी पडलंय ना, ते घेऊन ये, माझे पेशंट व्यायाम म्हटलं की गुडघ्यावर हात ठेवून कारणं सांगायला लागतात. तिथून सुरू झालं ते सोसायट्यांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत म्हाताऱ्या माणसांना हे गेम खेळवणं, आता धंदा तोच.

वी म्हणजे निन्टेंडोचं 2006 चं मशीन, रिमोट हातात धरून खरोखर हात फिरवायचा की पडद्यावर बॉल जातो. म्हाताऱ्या माणसांवर याचा अभ्यास 2010 सालीच छापून आलाय, कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या विद्यापीठात. 63 ते 94 वयाची, थोडी उदास असलेली 19 माणसं, आठवड्यातून तीनदा 35-35 मिनिटं, 12 आठवडे, आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त जणांची उदासीची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. त्या टीममधले डॉ. दिलीप जेस्ते डॉक्टर झाले ते आपल्या पुण्यातच, हे सांगितलं की सोसायटीच्या मीटिंगमधे निम्मा विरोध तिथेच मावळतो. पण माणसं 19 च आणि तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे जाहिरातीत आम्ही 'डिप्रेशन बरं होतं' वगैरे लिहीत नाही, एका छपाईवाल्याने स्वतःच्या मनाने ते छापून दिलं होतं, तो सगळा गठ्ठा रद्दीत घातला. माझं मत विचाराल तर निम्मं श्रेय नंतरच्या चहाचं.

सगळ्यात जास्त चालतं ते बोलिंगच, क्रिकेटचं नाही, बॉल गडगडवत सोडून समोरच्या पिना पाडायचं. बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना सोडायचं. सांधे आखडलेल्या बोटांना ते सोडणंच जड जातं, आणि चुकून हात मागे असताना सुटलं तर बॉल मागे जातो आणि गेममधले प्रेक्षक दचकून उडतात, यावर आज्या जेवढ्या हसतात तेवढ्या स्ट्राइक पडल्यावरही, म्हणजे एका बॉलमधे सगळ्या पिना पडल्यावरही हसत नाहीत! रिमोटची दोरी मनगटात घातल्याशिवाय आम्ही कुणालाच खेळू देत नाही, पायात नुसते मोजे चालत नाहीत कारण क्लब हाऊसची फरशी गुळगुळीत, आणि मागे हाताची, बिनचाकाची खुर्ची हवीच. बसूनही बोलिंग छान होतं.

मधे किनेक्ट पण आणलं, 2010 चं, कॅमेराच अंग ओळखतो, हातात काही धरायला नको. पण साडीत दोन पाय वेगळे कुठले दिसायला, कॅमेऱ्याचा गोंधळ, पडद्यावरची बाहुली एका पायावर वेडीवाकडी नाचायला लागायची, शिवाय खिडकीतून ऊन आलं की सगळंच बंद. वीचा बॅलन्स बोर्ड, म्हणजे वर उभं राहायचा पाट, मात्र ठेवलाय, त्यात वजन कुठल्या बाजूला जातंय ते कळायला चार सेन्सर असतात, उजव्या पायावर कमी भार टाकणाऱ्यांना ते समोर दिसतं. चढता-उतरताना दोन्हीकडे माणूस उभा. चक्कर, बीपी, नुकतंच ऑपरेशन असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या असं स्पष्ट सांगतो. पासष्टी आणि त्यापुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आम्ही तेच तीन दिवस धरतो.

धंद्याचं म्हणाल तर 'गेम' म्हणून विकायला गेलो की "हे पोरांचं", 'व्यायाम' म्हणून गेलो की "आम्ही रोज पर्वती चढतो". मग ए विंग विरुद्ध बी विंग लावून दिली आणि तेव्हापासून डेमोला खुर्च्या कमी पडतात. चिडाचिडी पण जोरदार होते, एक रिटायर्ड बँकवाले काका स्कोअर वहीत लिहितात, मशीनवर विश्वास नाही. पैसे मात्र वेळेवर निघत नाहीत, कमिटीला दोन महिने डेमो फुकटच हवा असतो, एका सोसायटीने तर तिसऱ्या महिन्यात स्वतःचा स्विच, म्हणजे निन्टेंडोचंच नंतरचं मशीन, घेतला आणि लावायला आम्हालाच फोन! गेलो, चहा पिऊन लावून दिला. ज्येष्ठ नागरिक संघ जास्त सरळ, वर्गणी काढतात आणि हातात ठेवतात.

सध्या मेव्हणा साध्या वेबकॅमवर लगोरीचा गेम बनवतोय, सूचना सगळ्या मराठीत, कारण मशीन इंग्रजीत बोलतं तेव्हा दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतं "काय म्हणतोय तो?" दोन विरंगुळा केंद्रांत ट्रायल झाली, लगोऱ्या पडतात, पण मोजल्या बरोबर जात नाहीत, आणि बँकवाल्या काकांच्या वहीत तीन जास्त निघाल्यात.